घरच्या घरी

दारात माणूस आला की जग त्याच्या तोंडाकडे पाहतं. आमचे काकाजी त्याच्या गाडीच्या उजव्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाहतात. पाहुणा अजून स्टँड लावत असतो, हेल्मेटचा पट्टा सोडत असतो, ‘नमस्कार काकाजी’ म्हणायला तोंड उघडत असतो, तोवर हे त्याच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले असतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि एक हात गुडघ्यावर. मग खालूनच आवाज येतो, “हे काय चिकटवून आणलं बाप्पा?”

पाहुण्याला बहुधा पत्ता नसतो. सायलेन्सरला लागलेली पन्नी ही पाठीला लागलेल्या चुन्यासारखी असते. गावभर दिसते, ज्याची त्याला दिसत नाही. बिचारा वाकतो, पाहतो, “अरे हो की,” म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं. गेली वीस वर्षं मी ते ऐकतोय.

“कायले मेकॅनिककडं जातं? घरच्या घरी निंगते.”

या ‘घरच्या घरी’त दोन तास, दोन लिंबं, अर्धी ट्यूब टूथपेस्ट, काकूचा लाकडी सराटा आणि पाहुण्याचं पुढचं काम अशा सगळ्या गोष्टी जातात. डाग जातोच असं नाही.

आता बुलढाण्याबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. बाजारातून भाजी आणायची तर ती पन्नीत आणि पन्नी गाडीच्या हँडलला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. साडीतली बाई डावीकडे पाय सोडून बसते, म्हणून निदान लग्नातले शालू तरी वाचतात. पण उजव्या हँडलची पन्नी वाऱ्यानं फुगते, झोके घेते आणि वळणावर अलगद जाऊन बेंड पाइपाला बिलगते. घरी पोचेस्तोवर मेथी खाली आणि पन्नी पाइपावर. पावसाळ्यात मिरग लागला की हेच रेनकोटच्या पँटीचं होतं. मागे बसणाऱ्याच्या चपलेची टाच वर्षभर असतेच. आणि पेरणीच्या दिवसांत खताचं पोतं आडवं टाकून शेताकडे जाणारा माणूस अर्धं पोतं शेतात नेतो, उरलेलं सायलेन्सरवर छापून आणतो.

‘छापून’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. काकाजींनी एकदा एका सायलेन्सरवर उलटी अक्षरं वाचून दाखवली होती. “युरिया हाय. निमकोटेड. पंचेचाळीस किलोची थैली.” मी म्हटलं, पंचेचाळीस कशावरून? म्हणाले, “पन्नासची थैली बंद झाली न 2018 मधी. हा डाग ताजा हाय.” शेरलॉक होम्स बुलढाण्यात जन्मला असता तर लेखा विभागातूनच निवृत्त झाला असता, अशी माझी तेव्हापासून खात्री आहे.

कारण काकाजी निवृत्त झाले ते सरकारी कचेरीच्या लेखा विभागातून. आयुष्यभर दुसऱ्याच्या खर्चाला आक्षेप काढले. निवृत्तीनंतर आक्षेप काढायला काही उरलं नाही तेव्हा त्यांना सायलेन्सर सापडला, असं काकू म्हणते. हिशेबाची सवय मात्र गेली नाही. त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. तीत प्रत्येक डागाची नोंद असते. तारीख, गाडी, डागाचा प्रकार, उपाय, आणि मग ते अस्सल लेखाविभागी रकाने: आरंभीची शिल्लक, निघाला, अखेरची शिल्लक. ‘काळा रेनकोट. आरंभी दोन बोटं. निघाला दीड बोट. अखेर शिल्लक अर्धं बोट, पुढील तारखेस वर्ग.’ माझ्या गाडीचं एक अर्धं बोट तीन आर्थिक वर्षं असं पुढे वर्ग होत होतं. शेवटी मी गाडीच विकली. वहीत शेरा आहे: ‘मालमत्ता हस्तांतरित.’

डाग ओळखण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी रंग पाहायचा. मग नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग नाक जवळ नेऊन वास. साधी पन्नी मेणबत्तीसारखी वास मारते, रेनकोट नाकात झोंबतो. “त्याच्यात क्लोरीन रायते,” ते सांगतात, आणि हे मी तपासलं, खरं आहे. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, म्हणून तो ठसका. वास घेताना काकाजी स्वतः दर वेळी ठसकतात आणि मग समाधानानं म्हणतात, “रेनकोटच व्हय.”

हत्यारं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. बांबूची कामटी, फुटलेल्या कॅरम स्ट्रायकरचा अर्धा तुकडा, मुदत संपलेला लॅमिनेशनचा पास, पितळी दातांचा ब्रश आणि सगळ्यांत मानाची म्हणजे नारळाची करवंटी, कडेनं घासून धार आणलेली. डब्यात लोखंडाचं काही नाही. पटाशी नाही, हॅक्सॉचं पातं नाही, तारेची घासणी तर नाहीच नाही. याबाबतीत काकाजी कडवे आहेत. सायलेन्सरवरची चकाकी ही क्रोमची असते आणि तो क्रोमचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकल. आमच्याकडचे लोक या चकाकीला सरसकट ‘निकल’ म्हणतात, ते काही अगदीच चूक नाही. एकदा लोखंडानं तो थर ओरबाडला की पुढच्या पावसाळ्यात गंज. “डाग गेला आन् सायलेन्सरबी गेला,” असं म्हणून ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिक पोराकडे सूचक पाहतात.

तो पोरगा पॉलिश पेपरनं दहा मिनिटांत काम उरकतो आणि पन्नास रुपये घेतो. काकाजींना दोन्हींचा राग आहे. “पन्नीचे पन्नास?” असं ते विचारतात, तेव्हा त्यांचा आवाज जुन्या आक्षेपाच्या सुराला जातो. पोरगा गुणी आहे. तो वाद घालत नाही. उलट एखादं गिऱ्हाईक फार कटकट करू लागलं की तो त्याला म्हणतो, “दादा, त्या हिरव्या फाटकातल्या काकाजींकडे जा, फुकट करून देतात.” काकाजींना वाटतं कीर्ती पसरली.

पद्धतींबद्दल मात्र त्यांच्या मनात संप्रदायांसारखे दोन पंथ आहेत. एक गरम पंथ, दुसरा थंड. गरम पंथात गाडी चालू करायची, पाइप तापू द्यायचा, पन्नी मऊ पडली की करवंटीनं लोटायची आणि लगेच जाड सुती फडक्यानं पुसायची. शास्त्र साधं आहे. पन्नी एकशेदहा-वीस डिग्रीला पाघळते, पोत्याची पट्टी एकशेसाठच्या आसपास, आणि बेंड पाइप सहज दोनशेच्या वर जातो. थंड पंथात याच्या बरोब्बर उलट. सायलेन्सर पूर्ण निवू द्यायचा, डागावर बर्फ धरायचा. प्लास्टिक लोखंडाच्या दहापट आकसतं, कडक होतं, आणि कामटी लावली की पापुद्रे निघतात. काकाजी मूळचे गरम पंथी. त्यांनी पंथ बदलला त्याला एक कारण घडलं, आणि ते कारण आमच्या कुटुंबात अजून दबक्या आवाजातच बोललं जातं.

मे महिना होता. धाकट्या आत्याच्या घरचं लग्न. काकूनं शेजारणींना जमवून, पहाटे चारला उठून, गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. धोतरांवर पांढऱ्याशुभ्र रांगा. खाली अंगणात काकाजींनी एका दूरच्या मेहुण्याची गाडी घेतली. डाग चपलेचा, निळा, जुना. “घरच्या घरी निंगते,” झालं. गाडी चालू करून ठेवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चप्पल मऊ पडेना, नुसती धुमसू लागली. “थांब, आणखी तापू दे.” वारा त्या दिवशी खालून वर होता. लग्नात जेवणावळी बसल्या, कुरडया तळून आल्या. फुलल्या अशा की बघत राहावं. पहिला घास तोंडात टाकून व्याह्यांनी शेजारच्याला विचारलं, “तुम्हाले टायरचा वास येऊन रायला का?” काकू पंगतीत वाढत होती. तिनं काकाजींकडे फक्त पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून काकाजी थंड पंथी.

थंड पंथाचीही घराला झळ बसलीच. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे कायम रिकामा. भर उन्हाळ्यात घाट चढून, मलकापूरच्या भट्टीतून भाजून आलेल्या पाहुण्यांना कोमट सरबत, आणि त्यांच्या सायलेन्सरला गार शेक. मध्यंतरी सुनेच्या ड्रेसिंग टेबलावरचं नेलपॉलिश काढायचं पाणी संपलं. त्यात अॅसिटोन असतं हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. अॅसिटोननं रेनकोट जरा नरमतो हे खरं, पण पन्नीवर ते पाण्यासारखं वाया जातं. पॉलिथिनला साध्या तापमानात काही विरघळवतच नाही. हे सिद्ध व्हायला तीन बाटल्या लागल्या. सूनबाई नोकरी करते, समजूतदार आहे. तिनं चौथी बाटली आणताना पाचवीही आणली आणि ‘काकाजींची’ अशी चिठ्ठी लावून फडताळात ठेवली.

मग खामगावची मोहीम झाली. खामगावची चांदी प्रसिद्ध. चांदीला जे चमकवतं ते सायलेन्सरला का चमकवणार नाही, हा काकाजींचा सवाल. नातवाच्या करदोट्याचं निमित्त काढून ते एका चांदीवाल्याच्या दुकानात जाऊन बसले आणि करदोटा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “भाऊ, तुम्ही घासता कशानं?” त्यानं सरळ सांगितलं, रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. काकाजी किलोभर रिठे घेऊन आले. दोन दिवस भिजवले, उकळले, घोळ काढला. सायलेन्सर इतका स्वच्छ झाला की त्यावर पन्नीचा डाग आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागला. उरलेल्या रिठ्यांनी काकूनं सहा महिने डोकं धुतलं. त्या एका प्रयोगाबद्दल ती कधी बोलली नाही.

पण माणसाची निष्ठा काय असते ते मी बोथ्याच्या जंगलात पाहिलं.

2019 चा डिसेंबर. शेगावला महाराजांचं दर्शन घेऊन आम्ही दोघं खामगावमार्गे परत निघालो होतो. मी चालवतोय, काकाजी मागे, हँडलला डझनभर कचोऱ्यांची पन्नी. उजव्या हँडलला. होय, मीच लावली. खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याला ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. आणि तो हिवाळा कोणता होता, तर टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत येऊन राहिला होता तो. पेपरांत, मोबाइलवर, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ऊन उतरत चाललेलं, दोन्हीकडे साग, आणि खांद्यावर टकटक झाली. “थांब. पन्नी जळून रायली.”

मी म्हटलं, काकाजी, घरी जाऊन पाहू.

“घरी जाईस्तोवर पक्की बसते. आत्ता गरम हाय, आत्ताच निंगते.” संकटकाळी मनुष्य आपल्या मूळ पंथाकडे वळतो, तो असा.

गाडी थांबवली. काकाजींनी सदऱ्याच्या खिशातून करवंटी काढली. देवदर्शनाला जाताना खिशात करवंटी का होती, हे मी विचारलं नाही. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि कामाला लागले. जंगलात सागाचं पान पडलं तरी मला पाऊल वाटत होतं. न राहवून म्हटलं, “काकाजी, वाघ आहे हो इथे.”

मान वर न करता ते म्हणाले, “तेराशे किलोमीटर चालून आला तो. थकला असन. तू गाडी सरकी धर.”

कचोऱ्या अकरा वाचल्या. बारावीच्या पाठीवर पन्नीचा शिक्का बसला होता. ती काकाजींनी तिथंच, घासता घासता, शिक्का काढून खाल्ली. पन्नी पूर्ण निघाली होती हे मान्य करायला हवं. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं: ‘अखेरची शिल्लक निरंक. स्थळ बोथा.’ वाघाची नोंद नाही.

त्याआधीच्या वर्षी, 2018 च्या मार्चमध्ये, राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. घरातले सगळे खूश झाले, नाल्या तुंबणार नाहीत, गाई पन्नी खाणार नाहीत म्हणून. काकाजी दोन दिवस गप्प होते. जेवणात लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी पेपर पुन्हा बारकाईनं वाचला आणि हळूच काकूला म्हणाले, “रेनकोटवर बंदी नाई.” मग नीट जेवले. पिशव्यांचं पुढं काय झालं ते तुम्ही कोणत्याही भाजीबाजारात पाहू शकता. वहीतल्या नोंदींत तर त्या वर्षी मला काही फरक दिसला नाही.

एका बाबतीत मात्र मी त्यांना भडकलेलं पाहिलंय. एकदा मी, त्यांना त्रास नको म्हणून, स्वतःच चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या पाइपाकडे निघालो. काकाजींनी माझ्या हातातला बोळा असा हिसकला की मी लहानपणी कणकेचा दिवा पाडला होता तेव्हाही त्यांनी एवढा झटका दिला नव्हता. “तापल्या लोखंडाले पेट्रोल? डाग राहू दे जन्मभर, तोंड नोको जाळू.” त्यानंतर अर्धा तास ते बोलले नाहीत. मग चहा आला तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चांदीचा कागद आण.”

चांदीचा कागद म्हणजे हॉटेलच्या पार्सलला गुंडाळलेली अॅल्युमिनियमची फॉइल. हे त्यांचं ताजं शस्त्र. मोठा डाग करवंटीनं निघाला की मागे जी पिवळट-काळी साय उरते, तिच्यावर फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरा पडत नाही, आणि साय निघते. हा उपाय खरोखर चालतो. इतका चालतो की काकाजींना त्यात रस उरला नाही असं मला कधी कधी वाटतं. पुण्याला आमचा चुलतभाऊ राहतो, तो मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर आला. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. “कॅमेरा खाली घे,” काकाजी म्हणाले. “आणखी खाली. उजवीकडं.” त्याच्या फ्लॅटच्या पार्किंगमधल्या गाडीवर कुरिअरच्या पाकिटाचा डाग निघालाच. पाऊण तास तो मोबाइल एका हातात धरून दुसऱ्या हातानं फॉइल घासत होता आणि काकाजी इकडून “गोल नाई, उभं घास” म्हणत होते. शुभेच्छा द्यायच्या राहून गेल्या. डाग गेला.

12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला ते दरवर्षी जातात. यंदा मीही गेलो होतो. महाराष्ट्रभरातून माणसं आलेली, मैदानात हजारो मोटारसायकली रांगेत लावलेल्या. राजवाड्याकडे जाता जाता काकाजी दिसेनात. शोधलं तर पार्किंगमध्ये. हात मागे बांधून, मान उजवीकडे कलती करून, एकेक रांग संपवत चाललेले, जसा एखादा सेनापती फौजेची पाहणी करतो. मी हाक मारली तर म्हणाले, “घाटाखालचे लोक चपलेचे जास्त, घाटावरचे रेनकोटचे. पाय तू.” दर्शन त्यांनी नंतर घेतलं, आणि मनापासून घेतलं.

आता त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. गाडी जुनी, शंभर सीसीची, निगा अशी की टाकीत तोंड पाहावं. पण सायलेन्सरवर, बरोब्बर मध्यभागी, तळहाताएवढा निळा डाग. चपलेचा. नवखा माणूस अचंब्यानं विचारतो, काकाजी, हे काय? त्यावर ते शांतपणे सांगतात, “नमुना हाय तो. पोरायले दाखवाले लागते, जुना डाग कसा रायते.”

मागच्या रविवारी एका नवख्यानं हेच विचारलं आणि हेच उत्तर ऐकून मान डोलावली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, “नमुना कायचा? सात वर्षं झाले, त्याहिच्यानं निंगत नाई तो. आन् माहा सराटा कुठी हाय? पोळ्या का हातानं उलटू?”

काकाजींनी बूड न उचलता सराटा माझ्याकडे दिला. आत नेऊन दिला तेव्हा काकूनं तो तीनदा धुतला.

तर वाचकहो, तुमच्या सायलेन्सरला काही चिकटलं असेल तर आधी गाडी निवू द्या, करवंटी किंवा कामटी वापरा, उरलेल्या सायीला ओली फॉइल, आणि लोखंड-पेट्रोल अजिबात नको. एवढं पुरतं. हातात मोकळे दोन तास असतील तर आमच्या गल्लीत जरूर या, चहा चांगला मिळेल. घाईत असाल तर मात्र चौकाकडून शिरू नका, शाळेकडून या. म्हणजे गाडीची डावी बाजू त्यांच्या ओट्याकडे राहते.